फुकट मिळते, पण फुकट बनत नाही!

संगणकावरच्या खेळांना नवे रूप देणारी कितीतरी सॉफ्टवेअर्स हौशी मंडळी विनामोबदला सांभाळतात. त्यांच्या जिवावर लाखो मुले खेळतात. पण ही मंडळी थकली, आपापसांत भांडली किंवा सोडून गेली, तर काय होते?

तुमच्या घरात शाळकरी मूल असेल, तर ‘माइनक्राफ्ट’ हे नाव कधी ना कधी तुमच्या कानावर पडलेच असेल. पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसतात. ते फोडायचे, गोळा करायचे आणि त्यातून घर, शेत, बोगदा, वाडा, हवे ते उभारायचे. दिवाळीत आपल्याकडे मुले अंगणात मातीचा किल्ला करतात ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त दिवाळी संपली म्हणून हा किल्ला मोडावा लागत नाही. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन या तरुणाने २००९ साली हा खेळ लोकांपुढे आणला. २०२३ सालापर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

हा खेळ एकट्याला खेळता येतो. पण खरी मजा येते ती दहा-वीस सवंगडी एकाच जगात उतरले की! त्यासाठी सर्वांना जोडून ठेवणारा एक मधला संगणक लागतो. त्याला म्हणतात ‘सर्व्हर’. सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर कंपनीने दिले होते, पण सुरुवातीला ते अगदी जेमतेम होते. महिनाभर खपून बांधलेला किल्ला एखाद्या टवाळ पोराने रात्रीत जमीनदोस्त केला, तर तो पूर्ववत करण्याची सोय नव्हती. दांडगाई करणाऱ्याला आवरायचे कसे, माझ्या हद्दीत दुसऱ्याने खोदायचे नाही हा नियम लावायचा कसा, हे प्रश्न उभे राहिले.

ते सोडवले कोणी? कंपनीने नव्हे. निरनिराळ्या देशांत बसलेल्या आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या हौशी तरुणांनी ते सोडवले. पगार नाही, मानधन नाही. दिवसा कॉलेज किंवा नोकरी करायची आणि रात्री जागून हे काम करायचे.

मॉड म्हणजे काय?

मूळ खेळात कोणीतरी बाहेरून केलेला बदल म्हणजे ‘मॉड’. तयार कपडा आणून त्याला घरी खिसा लावावा, बाह्या आखूड कराव्यात, तसे हे काम. कधी बदल किरकोळ असतो, तर कधी त्यातून सबंध नवा खेळच जन्माला येतो. सायबर कॅफेच्या जमान्यात तासाचे पैसे मोजून आपल्याकडची पोरे ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत, तो खेळ मुळात १९९९ सालचा एक मॉडच होता. ‘हाफ-लाइफ’ या खेळात दोन तरुणांनी हौसेने केलेला. पुढे ‘हाफ-लाइफ’च्याच कंपनीने तो विकत घेतला.

पण प्रत्येक मॉडवाल्याने खेळाचे पोट स्वतः फाडून आत हात घालायचा म्हटले, तर सावळा गोंधळ होईल. एकाचा बदल दुसऱ्याच्या मुळावर येईल. म्हणून काही जण मध्ये एक सामाईक पाया घालून देतात. मॉडवाल्यांनी त्या पायावर उभे राहावे, खेळाशी काय बोलायचे ते पाया बोलेल, अशी ही व्यवस्था. खेळणाऱ्याला हा पाया दिसत नाही. नव्या तलवारीचे कौतुक सगळे करतात, तलवार ज्याच्या आधाराने चालते त्याचे नावही कुणाला ठाऊक नसते. घरातल्या नळासारखे आहे हे. पाणी येते आहे तोवर पाइपाची आठवण कोण काढतो?

या न दिसणाऱ्या पायाची देखभाल करणाऱ्यांचीच ही हकिगत आहे.

‘बकिट’ची गोष्ट

माइनक्राफ्टच्या सर्व्हरसाठी सुरुवातीला ‘एच-मॉड’ नावाचे एक सॉफ्टवेअर गाजले. त्याच्या कर्त्याने काम थांबवले आणि डिसेंबर २०१०च्या सुमारास काही जणांनी नव्याने डाव मांडला. त्याचे नाव ‘बकिट’. पाया पक्का होता आणि नियम स्पष्ट होते. पाहता पाहता हजारो लोकांनी त्यावर आपापली छोटी जोडकामे रचली. कुणी हद्दीला कुंपण घातले, कुणी बाजारपेठ उभारली, कुणी धावण्याच्या शर्यती लावल्या. जगभरातले असंख्य सर्व्हर बकिटवर चालू लागले.

फेब्रुवारी २०१२मध्ये माइनक्राफ्टच्या ‘मोजांग’ या कंपनीने बकिटच्या चार प्रमुख शिलेदारांना नोकरीवर घेतले. सगळ्यांना आनंद झाला. हौशी माणसांच्या कामाची कदर झाली असेच वाटले. मागे राहिलेल्या स्वयंसेवकांनी बकिटचे काम नेटाने पुढे चालू ठेवले.

अडीच वर्षे अशीच गेली. खेळाची दर नवी आवृत्ती आली की बकिट तिच्याशी जुळवून घेण्याचे काम दर वेळी अधिक जड होत गेले. माणसे मात्र कमी होत गेली. त्यातच सर्व्हर चालवणाऱ्यांनी पैसे कसे मिळवावेत याबद्दलचे नियम कंपनीने २०१४च्या उन्हाळ्यात कडक करायला घेतले, तेव्हा आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हाही प्रश्न डोके वर काढू लागला. अखेर २१ ऑगस्ट २०१४ रोजी बकिटची धुरा वाहणाऱ्या प्रमुखाने जाहीर केले, की हा प्रकल्प आम्ही बंद करत आहोत.

आणि मग खरा धक्का बसला! मोजांगने सांगितले, की बकिट तुम्ही बंद करू शकत नाही, कारण ते आमच्या मालकीचे आहे. २०१२ साली माणसे घेतली तेव्हाच प्रकल्पही आमच्याकडे आला आहे. ज्यांनी या काळात आपल्या रात्री खर्ची घातल्या, त्यांतल्या कित्येकांना ही गोष्ट तेव्हाच कळली. आपण लोकांसाठी श्रमदान करत आहोत अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते एका कंपनीच्या मालमत्तेची फुकट देखभाल करत होते.

पंधरवड्याच्या आत दुसरा घाव बसला. बकिटला भरपूर हातभार लावलेल्या एका स्वयंसेवकाने आपल्या कामावरचा हक्क बजावत कायदेशीर नोटीस दिली. त्याचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. त्याने आपला कोड, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, एका खुल्या परवान्याखाली दिला होता. कोणीही वापरा, बदला, वाटा. अट एकच. माझा कोड मिसळून जे काही वाटाल, त्याचा सगळा कोड खुला ठेवा. पण बकिटमध्ये माइनक्राफ्टचा कंपनीच्या खासगी मालकीचा कोडही मिसळलेला होता आणि तो खुला करायला कंपनी तयार नव्हती. मग माझा कोड त्यात मिसळून वाटता कसा, असा त्याचा सवाल.

जागा एकाची, भिंती दुसऱ्याच्या आणि कपाटातली पुस्तके साऱ्या गावाची, असे हे वाचनालय होते. सगळे गुण्यागोविंदाने चालले होते तोवर कागदपत्रे पाहायची गरज कुणाला पडली नाही. भांडण झाले आणि एका नोटिशीने दाराला कुलूप लागले. सप्टेंबर २०१४च्या पहिल्या आठवड्यात बकिटचे वाटप थांबले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला मायक्रोसॉफ्टने मोजांग अडीच अब्ज डॉलरला विकत घेत असल्याची घोषणा केली! बकिटच्या हौशी कामगारांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लाडू नको, कृती घ्या

मुलांचे खेळ मात्र बंद पडले नाहीत. बकिटपासूनच फुटून निघालेला ‘स्पिगॉट’ नावाचा दुसरा प्रकल्प होता. नोटिशीचा फटका त्यालाही बसला. पण त्याच्या चालकांनी शक्कल लढवली. तयार सॉफ्टवेअर वाटायचेच नाही! त्याऐवजी एक छोटे साधन वाटायचे. ते तुमच्याच संगणकावर कंपनीचा मूळ खेळ कंपनीकडून आणून घेते, त्यावर स्वयंसेवकांचे बदल चढवते आणि सगळे तिथल्या तिथे बांधून देते. तयार लाडू वाटायला मनाई झाली, म्हणून घरोघरी कृती पाठवली. पीठ दुकानातून आणा, गूळ आमच्याकडून घ्या आणि लाडू तुमच्या स्वयंपाकघरात वळा!

पुढे स्पिगॉटमधून ‘पेपर’ हा प्रकल्प निघाला आणि डिसेंबर २०२४मध्ये त्यानेही स्पिगॉटपासून आपला संसार पूर्ण वेगळा केला. म्हणजे एका बकिटच्या पोटी तीन पिढ्या झाल्या. काम टिकले, कारण कोड उघडा होता आणि पुढच्याला तो उचलून घेता आला. पण दर पिढीत नव्या माणसांना तीच जागरणे पुन्हा करावी लागली.

अपडेट आले की पोटात गोळा

या कामात माणूस दमतो कशाने? नवे काही घडवताना तो सहसा दमत नाही. ती तर हौसच असते. तो दमतो ते आधी केलेलेच पुन्हा पुन्हा करावे लागते म्हणून.

‘स्कायरिम’ या खेळाचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या बेथेस्डा कंपनीचा हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्याचे हजारो मॉड ‘एसकेएसई’ नावाच्या एका पायावर उभे आहेत आणि मोजकी मंडळी तो फावल्या वेळात सांभाळतात. हा पाया चालतो कसा? समजा, एका भल्यामोठ्या चाळीत सातशे बाराव्या खोलीत तलवारीचा हिशेब होतो आणि आठशे तिसाव्या खोलीत पावसाचा. चाळीच्या मालकाने यादी दिलेली नाही. या मंडळींनी दारोदार हिंडून ती स्वतः तयार केली आहे. आता मालकाने कुठे एक भिंत पाडली की पुढच्या सगळ्या खोल्यांचे नंबर बदलतात. कंपनीचे ‘अपडेट’ म्हणजे नेमके हेच. खेळात बदल नावाला होतो आणि इकडे सगळी यादी पहिल्यापासून करावी लागते.

खेळाला दहा वर्षे झाली म्हणून ११ नोव्हेंबर २०२१ रोजी बेथेस्डाने नवी आवृत्ती आणली. त्या वेळी खेळ बांधण्याचे साधनच बदलले होते, त्यामुळे नंबर तर हललेच, खोल्यांची आतली मांडणीही बदलली. जुने मॉड बंद पडणार, असा इशारा एसकेएसईच्या मंडळींना आधीच द्यावा लागला.

एप्रिल २०२४मध्ये असाच एक प्रसंग गाजला. बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’ या खेळावर स्वयंसेवकांच्या एका चमूने ‘फॉलआउट : लंडन’ हा प्रचंड मॉड वर्षानुवर्षे खपून तयार केला होता. प्रकाशनाची तारीख ठरली, २३ एप्रिल. तेवढ्यात कंपनीने सांगितले, की मूळ खेळाचे मोठे अपडेट २५ एप्रिलला येत आहे. म्हणजे मॉड बाहेर पडून दोन दिवसांत मोडणार! चमूला समारंभ पुढे ढकलावा लागला. मॉड लोकांच्या हाती पडला तो २५ जुलै २०२४ रोजी.

अपडेट कधी येणार हे कंपनी ठरवते. तारीख स्वयंसेवकाला विचारून ठरत नाही. त्याची परीक्षा असो, घरी आजारपण असो, अपडेट आले की दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू होते. तुमचे कधी येणार? अजून का नाही आले? विचारणाऱ्यांत मुलेच बहुसंख्य. पलीकडे दुकानदार नाही, आपल्यासारखाच एखादा मुलगा दिवसभराचे काम आटोपून बसला आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मग पैसे का घेत नाहीत?

हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचा एक प्रयोग झालाही. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व आणि बेथेस्डा या कंपन्यांनी स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय केली. रुपयातले चार आणे मॉड बनवणाऱ्याला आणि बारा आणे दोन कंपन्यांना, अशी वाटणी होती. खेळणारे खवळले. निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २७ एप्रिलला, अवघ्या चार दिवसांत, दुकानाला टाळे लागले.

चिडण्याचे कारण नुसता कंजूषपणा नव्हता. मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. पहिल्या चार दिवसांतच एक विकाऊ मॉड मागे घ्यावा लागला, कारण त्यात दुसऱ्या कुणाच्या फुकट दिलेल्या कामाचा आधार होता. शेवटची वीट ठेवणाऱ्याने पैसे घ्यायचे, तर खालच्या विटांचे काय? आणि पाया घालणाऱ्याला कोणी काय द्यायचे?

त्यानंतर ऐच्छिक देणग्यांचा मार्ग रूढ होत गेला. मॉडचे मोठे भांडार असलेल्या ‘नेक्सस मॉड्स’ने २०१८ साली मॉड बनवणाऱ्यांना काही मोबदला मिळेल अशी योजना सुरू केली. काही चालक दरमहा वर्गणी स्वीकारतात. पण वर्गणीची गंमत आपल्या गल्लीतल्या मंडळांनाही ठाऊक आहे. आराशीला लोक खुशीने पैसे देतात. वायरिंग दुरुस्तीला मागितले की हात आखडतो.

चावी एकाच्या हाती

पैशांपेक्षाही नाजूक प्रश्न आहे तो अधिकाराचा. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘पॉलीएमसी’ या माइनक्राफ्टच्या सोबतीच्या सॉफ्टवेअरचा एक चालक सहकाऱ्यांवर बिनसला आणि त्याने सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढले. मुख्य खात्याची चावी त्याच्याकडे होती! कोड खुला असल्याने बाहेर पडलेल्यांनी लगोलग ‘प्रिझम लाँचर’ या नावाने नवे घर उभारले. जुलै २०२३मध्ये ‘फोर्ज’ या जुन्या, मोठ्या प्रकल्पाचेही असेच झाले. नेतृत्वाशी न पटल्याने बहुतेक चमू बाहेर पडला आणि ‘निओफोर्ज’ जन्माला आला. भाऊ वेगळे झाले तरी संसार चालतात, पण चुली दोन होतात. आता मॉड लिहिणाऱ्याने दोन्हीकडे जुळवून घ्यायचे.

थकलेला चालक हा सुरक्षेचाही प्रश्न असतो. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीला आले. त्याचा खेळांशी काही संबंध नाही. जगभरच्या सर्व्हरवर माहिती दाबून लहान करण्याचे काम ते करते. सांभाळणारा माणूस एकटा आणि दमलेला होता. काम दुसऱ्या कुणावर सोपवा, असा लकडा काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लावला. एक जण मदतीला आला, दोन वर्षे इमाने काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग गुपचूप चोरदरवाजा बसवला. मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकावर सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते पकडले गेले. माइनक्राफ्टच्या जगातही जून २०२३मध्ये काही मॉडमधून पासवर्ड चोरणारा किडा पसरला होता. त्याचा छडा लावून उतारा तयार करण्यात पुढे होते ते पुन्हा स्वयंसेवकच.

टिकते ते कशाने?

सगळेच चित्र काळे नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गोड खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने घडवून २०१६ साली आणला. त्याच्या मॉडचा पाया आहे ‘स्मापी’. तो खुला आहे. खेळ बदलला की जुने मॉड शक्य तेवढे आपोआप जुळवून घेतो आणि जे मोडले त्यांची नावे सांगतो. म्हणजे मुलांची निम्मी विचारणा यंत्रच निस्तरते. मार्च २०२४मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत तर खुद्द बॅरोनने मॉडवाल्यांचे काम सोपे व्हावे म्हणून मोठे बदल केले. चाळीच्या मालकानेच खोल्यांची यादी हाती द्यावी, तसे! ‘डूम’ हा १९९३चा खेळ आजही नव्या संगणकांवर चालतो, कारण त्याच्या कंपनीने १९९७ साली त्याचा कोड खुला केला.

आपल्या देशातही पाऊल पडले आहे. बंगळूरच्या झेरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. खेळांच्या मॉडपर्यंत तो पोचो न पोचो, फुकटच्या सॉफ्टवेअरमागे माणसे असतात आणि त्यांना पोट असते, हे मान्य होणे महत्त्वाचे.

या सगळ्या हकिगतींतून एक गोष्ट दिसते. हौसेवर काम सुरू होते, पण नुसत्या हौसेवर ते टिकत नाही. मालकी कुणाची हे पहिल्या दिवशी स्पष्ट हवे, कोड खुला हवा, चाव्या दोघा-तिघांकडे हव्यात आणि दमलेल्याला सन्मानाने बाजूला होता यावे.

घरच्यांनी काय करावे?

खेळाचे अपडेट आले की त्याच दिवशी घेण्याची घाई मुलांना करू देऊ नका. चार-आठ दिवस थांबावे आणि आपल्या किल्ल्याची एक प्रत आधी काढून ठेवावी. मॉड त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. ‘सगळे एकत्र, फुकट’ असे सांगणाऱ्या अनोळखी जागेवरून कधीही घेऊ नये. बिघाड कळवताना नुसते ‘चालत नाही’ असे न लिहिता कोणती आवृत्ती, काय केल्यावर, काय झाले हे नीट लिहावे. त्यामुळे समोरच्याचा तासभर वाचतो. घरातल्या मोठ्यांना परवडत असेल तर मुलाच्या आवडत्या मॉडमागच्या पायाला वर्षातून एकदा सिनेमाच्या एका तिकिटाएवढी वर्गणी द्यायला हरकत नाही.

आणि संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर त्यांना या कामात हात घालू द्या. माहितीपत्रक सुधारणे, चाचणी घेणे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे कोड लिहिण्याइतकीच मोलाची आहेत आणि त्यांनाच माणसे मिळत नाहीत. मुलगा रात्री दहा वाजता पडद्यासमोर बसला म्हणून रागवण्याआधी एकदा विचारून पाहा, ‘खेळतोयस, की कुणाचं काहीतरी दुरुस्त करतोयस?’ उत्तर दुसरे आले, तर त्याला थोडा वेळ द्या. मग मात्र दिवा मालवून झोपायला लावा. कारण हे काम वर्षानुवर्षे करायचे, तर जागरणे जपूनच करायला हवीत.